कोल्हापुरांत घडलेला कॅमेरा

इ.स. १९१३ च्या मे महिन्यांत दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट मुंबईंत प्रदर्शित झाला. त्यासाठीं लागणारा कॅमेरा फाळके यांनीं विलायतेस जाऊन आणिला होता. कोल्हापुरांतील आनंदराव व बाबूराव मेस्त्री या नात्यानें भाऊ लागणाऱ्या दोघां कलावंतांना तो मार्ग मोकळा नव्हता. नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवून ते निर्वाह करीत. म्हणूनच लोक त्यांस ‘पेंटर’ म्हणत. पदरीं द्रव्य थोडें, परंतु चित्रपटाचा ध्यास मोठा.

तेव्हां त्यांनीं आपल्या ऐपतींतला उपाय काढिला. मुंबईच्या जुन्या बाजारांतून चित्रपट दाखविण्याचें एक वापरलेलें यंत्र त्यांनीं घेतलें. त्यावर खेळ लावावेत आणि खेळ चालतां चालतां यंत्राचें मर्म जाणून घ्यावें, असा हा दुहेरी व्यवहार होता. चित्र दाखविणें आणि चित्र टिपणें यांचें तत्त्व बरेंचसें एकच. फीत अखंड धांवून चालत नाहीं. ती क्षणमात्र थांबली पाहिजे. तेवढ्यांत प्रकाश पडावा, झडप मिटावी आणि फीत नेमकी एक चौकट पुढें सरकावी. मूकपटाच्या काळीं हें सेकंदांत सुमारें सोळा वेळां घडे, आणि तेंही हातानें दांडा फिरवून! दात्यांत किंचित् अंतर पडलें, तरी पडद्यावरील माणसें थरथरूं लागत.

असें यंत्र स्वतःच घडवावें, या खटाटोपांत आनंदराव गुंतले असतां १९१६ सालीं त्यांचा अंत झाला. काम अर्धवट राहिलें आणि मार्ग दाखविणाराही गेला. बाबूराव त्या वेळीं जेमतेम पंचविशी ओलांडलेले होते. तथापि त्यांनीं तें काम सोडलें नाहीं. यंत्रकामांत कुशल असे विष्णुपंत दामले यांच्या साहाय्यानें १९१८ च्या सुमारास त्यांनीं कॅमेरा पुरा केला. गायिका तानीबाई कागलकर यांनीं भांडवल पुरविलें आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

कोरी फीत मात्र घरीं करतां येण्याजोगी नव्हती. ती परदेशांतूनच येई. फुकट गेलेला प्रत्येक फूट म्हणजे पदरचा पैसा. येथें बाबूरावांची चित्रकारी कामास आली. वेष, पात्रें, त्यांच्या हालचाली यांचीं रेखाटनें ते आधींच कागदावर करीत. १९२० सालीं ‘सैरंध्री’ पुण्यांत झळकला आणि लोकमान्य टिळकांनीं बाबूरावांस ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

ही कंपनी म्हणजे एक पाठशाळाच होती. दामले, फत्तेलाल, धायबर आणि १९२० मध्यें पडेल तें काम करण्यास आलेले शांताराम हे सारे तेथेंच तयार झाले. १९२९ सालीं हे चौघे बाहेर पडले. सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनीं कोल्हापुरांतच ‘प्रभात’ काढली. बाबूरावांच्या कंपनीस हा आघात सोसला नाहीं. थोड्याच वर्षांत ती मिटली. विद्या देणारा मागें राहिला, विद्या मात्र पुढें गेली.

‘प्रभात’ १९३३ सालीं पुण्यास गेली. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’चा १९३७ मध्यें व्हेनिस येथें गौरव झाला. पुढें १९६० सालीं ‘प्रभात’च्याच आवारांत चित्रपटविद्या शिकविणारी सरकारी संस्था स्थापन झाली. तेथें आज विद्यार्थ्यांच्या हातीं तयार यंत्रें येतात. जुन्या बाजारांतील एका यंत्रावर धडे गिरविणाऱ्या दोघां पडदे रंगविणारांकडे त्यांचें गुरुकुल जाऊन पोहोंचतें.