विभाग क्रमांक १०१

‘मोरीत पाय घसरला’, ‘दारावर आपटले’. अपघात विभागात बायका अशी कारणं सांगतात आणि ती केसपेपरवर तशीच उतरतात. विष पोटात गेलं असेल तर ‘चुकून औषध प्यायली’ एवढी नोंद पुरते. जखम शिवली जाते आणि बाई त्याच घरी परत जाते. निदान इथं तरी तिला कुणी विचारावं, म्हणून मुंबई महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही संशोधन संस्था यांनी २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात घरगुती हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी ‘दिलासा’ केंद्र उभं केलं. सार्वजनिक रुग्णालयात असं केंद्र देशात पहिलंच.

अपघात विभागासमोर, विभाग क्रमांक १०१. केसपेपर घेऊन बाई तिथं जाऊ शकते. घरी सांगायला ‘दवाखान्यात गेले होते’ हे कारण आहेच. पोलीस चौकीची पायरी चढताना ही सोय नसते. अशी हिंसा ओळखायला शिकवणारे प्रशिक्षक रुग्णालयातल्याच डॉक्टर-परिचारिकांमधून तयार केले गेले, हेही शहाणपणाचं. बाहेरच्या व्याख्यात्यापेक्षा आपल्या वॉर्डातल्या सिस्टरचं म्हणणं सहकाऱ्यांना लवकर पटतं. पुढे कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात दुसरं केंद्र निघालं. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानातून शहरातल्या ११ रुग्णालयांत हे काम पोचलं, आणि केरळ, मेघालय, हरियाणानंही हा नमुना उचलला.

या कामाचं यश मोजायचं कसं? समुपदेशन केंद्रांच्या अहवालांत एक रकाना हटकून भेटतो: किती प्रकरणांत समेट झाला. माझ्या मते सगळ्यात घातक आकडा हाच. समजूत घालून नांदायला पाठवलेली बाई त्यात यश म्हणून मोजली जाते, मग महिन्याभरात तिचा हात मोडला तरी. दिलासानं समेट हे ध्येयच धरलं नाही. मार खाण्यात तुझी काही चूक नाही, हे तिला स्पष्ट सांगायचं. जिवाला धोका किती आहे ते तपासायचं. कागदपत्रं कुठं ठेवायची, रात्री कुणाचं दार वाजवायचं, हे तिच्याबरोबर बसून ठरवायचं. घरात राहायचं की बाहेर पडायचं, हा निर्णय तिचा.

नोंदी वाढल्या म्हणून हिंसा वाढली, असंही म्हणता येत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी कुणाकडे मदत मागितली होती. अशा देशात केंद्राच्या दारातली गर्दी वाढणं हे चांगलंच लक्षण.

सगळ्यात अवघड पाठपुरावा. फोन नवऱ्याच्या हातात असतो, घरी पत्र धाडता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ साली घरगुती हिंसेवरच्या संशोधनासाठी नियम घालून दिले: मुलाखत एकांतात घ्यायची आणि मध्येच कुणी आलं तर विषय बदलायचा. म्हणजे सासू आत आली की पोरांच्या लसींबद्दल विचारायला लागायचं. आणि जी पुन्हा आलीच नाही तिचं काय? ती सुटली, की तिला उंबऱ्याबाहेर पडू देत नाहीत? तिला वगळून, भेटलेल्या बायकांच्या समाधानाची टक्केवारी काढली तर ती फसवी ठरते. न आलेल्यांची संख्या अहवालात ठळकपणे छापलीच पाहिजे.

सेहतनं पुढे जागतिक आरोग्य संघटनेबरोबर औरंगाबाद आणि मिरजेच्या शासकीय रुग्णालयांत अभ्यास केला. डॉक्टर-परिचारिकांची माहिती, दृष्टिकोन आणि प्रत्यक्ष काम प्रशिक्षणाआधी, प्रशिक्षणानंतर लगेच आणि सहा महिन्यांनी तपासलं. मला ही सहा महिन्यांनंतरची तपासणी मोलाची वाटते. तोवर शिबिराचा उत्साह ओसरलेला असतो, ओपीडीची रांग तेवढीच लांब असते. नातेवाइकांना बाहेर थांबवून दोन मिनिटं बोलायला आडोसा नसेल, तर उत्तम शिकलेली सिस्टरही गप्पच राहणार. मग तिचे गुण कापण्याआधी रुग्णालयाच्या प्रशासनाला विचारायला हवं, तो पडदा अजून का लागला नाही.