सूर्याचा क्षोभ आणि विश्वकिरण : कुलाब्यापासून उटीपर्यंत

मराठीत रूढ झालेला ‘विश्वकिरण’ हा शब्द काहीसा फसवा आहे. १९२५ साली मिलिकन यांनी मूळ इंग्रजी नाव योजले, तेव्हा ही प्रकाशाच्या जातीचीच प्रारणे होत, अशी त्यांची समजूत होती. मराठीने नाव उचलले आणि त्याबरोबर ती समजूतही. वस्तुतः ते बहुतांशी प्रोटॉन, म्हणजे विद्युत्भारित कण होत. आणि भारित असल्यामुळेच चुंबकीय क्षेत्र त्यांची वाट वाकवू शकते. प्रस्तुत विषयाचे सारे मर्म ह्या एका गोष्टीत आहे.

ह्या इतिहासाचा मराठी मुलखातील पूर्वभाग विश्वकिरणांचा शोध लागण्याच्या पुष्कळ आधीचा आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून भूचुंबकत्वाची मोजमापे होऊ लागली. १८५९ च्या सप्टेंबरारंभी सूर्यावर प्रचंड स्फोट झाला, आणि पाठोपाठ आलेल्या चुंबकीय वादळात कुलाब्याच्या क्षितिजसमांतर क्षेत्रात सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घट नोंदली गेली. निरीक्षक त्या वेळी मोजमापे डोळ्यांनी वाचीत. क्षोभ वाढला की वाचने अधिक वारंवार घेत. त्या चिकाटीमुळेच हा आकडा आज हाती आहे. पुढे विजेच्या ट्रामगाड्यांमुळे नोंदी बिघडणार हे दिसताच चुंबकीय कार्य अलिबागेस हलविले गेले. संचालक नानाभॉय मूस यांनी १९०४ ते १९०६ ह्या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे चालू ठेवली, म्हणून मालिका तुटली नाही. त्यांनी १८४६ ते १९०५ पर्यंतची सामग्री १९१० साली प्रसिद्ध केली. ह्या आकड्यांचा विश्वकिरणांशी काही संबंध येईल, हे त्यांना ठाऊक असणे शक्यच नव्हते. हेस यांचे बलून-उड्डाण १९१२ चे.

संबंध जोडला तो स्कॉट फोर्बुश यांनी. १९३७ च्या एप्रिलमधील चुंबकीय वादळात अमेरिकेतील चेल्टनहॅम व पेरूमधील हुआंकायो येथे विश्वकिरणांची तीव्रता एकदमच उतरली. १९५४ मध्ये त्यांनी दीर्घ नोंदींवरून दाखविले की, सौरडाग वाढले की ही तीव्रता घटते आणि डाग ओसरले की वाढते. पृथ्वीच्या क्षेत्रातील फेरबदल हे ह्याचे कारण असावे, असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु ते अपुरे ठरले. १९५८ साली पार्कर यांनी सौरवाऱ्याची उपपत्ती मांडली आणि कोडे सुटू लागले. सूर्यातून सतत वाहणारा हा भारित वायू आपल्याबरोबर चुंबकीय क्षेत्र वाहून नेतो, आणि सूर्य क्षुब्ध असता दूरवरून येणारे कण त्या अस्ताव्यस्त क्षेत्रात अडखळून मागे परततात.

हा परिणाम सर्वत्र सारखा नसतो. हिंगोली जिल्ह्यातील डोंगरकडा चुंबकीय विषुववृत्ताच्या बरेच जवळ आहे. तेथे सरळ वरून येऊ पाहणाऱ्या प्रोटॉनाची ऊर्जा सुमारे १५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टांहून कमी असेल, तर पृथ्वीचेच क्षेत्र त्यास परतवून लावते. अधिक ऊर्जेच्या कणांवर सूर्याचा अंमल कमी; म्हणून अकरा वर्षांच्या सौरचक्राची भरती-ओहोटी तेथे ध्रुवप्रदेशांहून पुष्कळ मंद राहते.

मात्र जी कल्पना अपुरी म्हणून बाजूस पडली होती, तिचा एक नमुना दक्षिणेत प्रत्यक्ष दिसला. २२ जून २०१५ रोजी उटी येथील ‘ग्रेप्स-३’ ह्या, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या प्रयोगात म्युऑनांची संख्या घटण्याऐवजी सुमारे दोन तास वाढलेली आढळली. सूर्याने फेकलेल्या ढगाने पृथ्वीचे चुंबकीय कवच काही काळ दुबळे केले, आणि एरवी अडणारे कण आत शिरले, असा अर्थ संशोधकांनी २०१६ मध्ये लावला.