बाळलेणी : सोन्याची आणि साखरेची

आपल्या पिढीजात व्यवसायाविषयी काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली तेव्हा आमच्या मनात प्रथम आले ते बाळलेणे. ज्ञातीच्या कारागिरीचा विषय निघाला की ठुशी, वज्रटीक, चिंचपेटी, तन्मणी यांची वर्णने होतात, आणि ती व्हावीतच. परंतु ज्या कामावर आमच्यासारख्या लहान घरांची चूल पेटत आली, ते काम तोळ्यांनी नव्हे, गुंजांनी मोजले जाई. आणि ते लेणे लेणाऱ्यास अद्याप बोलताही येत नसे. त्याची हकीकत कोठे लिहिलेली आमच्या पाहण्यात नाही. ती थोडीबहुत येथे नमूद करीत आहोत.

आपल्यांपैकी बहुतेक कुटुंबे कोकणातून प्रथम गिरगाव-भुलेश्वराकडे आली आणि तेथे जागा पुरेना तेव्हा उपनगरांत पांगली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी धावली ती घाटकोपर-मुलुंडच्या रानांतूनच. त्या लोहमार्गाच्या उभारणीत ज्यांचा पुढाकार होता ते नाना शंकरशेट आपल्या ज्ञातीचे भूषण, हे सांगितल्यावाचून स्मरणिका पुरी होत नाही, म्हणून आम्हीही सांगून मोकळे होतो. पश्चिमेकडील मार्गावर अंधेरी-बोरिवलीही पुढे मुंबईशी जोडली गेली. तथापि अंधेरी आणि घाटकोपर बृहन्मुंबईत आली १९५० साली, आणि बोरिवली व मुलुंड १९५७ साली. तोवर ही गावेच होती. येथील सोनारास पेढी नव्हती. ओसरीचा एक कोपरा, त्यात बागेसरी, ऐरण, फुंकणी आणि तराजू, एवढाच त्याचा कारखाना. गिऱ्हाईक म्हणजे आळीतील चाकरमानी मंडळी, जवळच्या गावठाणांतील आगरी-भंडारी, वर्सोवा-गोराईकडचे कोळी. लग्नाचे मोठे काम ही मंडळी झवेरी बाजारात नेत. ओसरीवरच्या सोनाराकडे येई ते बारशाचे.

ते काम लहान खरे. सोपे मात्र नव्हे. बाळाचे मनगट म्हणजे दोन बोटांचा ऐवज. त्यावर चढणाऱ्या बिंदलीला कोठे धार राहता कामा नये, तारेचे टोक उघडे राहता कामा नये, आणि मूल सगळे तोंडात घालते म्हणून सुटा होणारा मणी तर नकोच. पोकळ बिंदलीत लाख भरीत, म्हणजे आपटली तरी चेपत नसे. चांदीचे वाळे मुद्दाम जुळवून टाकीत नसत. तोंडे किंचित उघडी ठेवीत, की मूल वाढेल तसा वाळाही हाताने फाकविता यावा. तोरड्यांना घुंगरू लावीत ते केवळ शोभेसाठी नव्हे. रांगते मूल चुलीकडे गेले की विहिरीकडे, हे पाठमोऱ्या आईस कानांनी कळावे, ही त्यामागील सोय. करगोटा, ताईत, पिंपळपान, वाघनख, प्रत्येकाची अशी काही तऱ्हा होती. कान टोचावे ते सोनारानेच, ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे. त्यातील कसब असे की टोचण्याची तार तीच कुडी होई. अणकुचीदार बारीक तार पाळीतून जाताच तिथल्या तिथे वळवून टोक आत दडवावयाचे, आणि हे सर्व मुलाने रडे काढण्यापूर्वी. आमच्या वडिलांना ते साधत असे. मूल रडू लागेतो त्यांचा हात मागे आलेला असे.

मनगट्यांचे काम मात्र वडिलांचे नव्हते. सोन्याचे मणी ते करीत. काळ्या मण्यांत ते ओवून, गाठी मारून, मनगटी सिद्ध करण्याचे काम मातोश्रींचे. हिशेबाच्या वहीत या ओवणावळीचा आकार कधी मांडलेला आम्हांस आढळला नाही.

आता १९६३ सालाकडे येतो. चीनच्या आक्रमणानंतर देशाची परकीय चलनाची चणचण वाढली होती. चोरट्या मार्गाने येणाऱ्या सोन्यास आळा बसावा म्हणून ९ जानेवारी १९६३ रोजी सुवर्णनियंत्रणाचे नियम जारी झाले. १४ कॅरटहून अधिक कसाचा दागिना घडविण्यास मनाई झाली. १४ कॅरट म्हणजे शंभरांत अठ्ठावन्न भाग सोने. ते रंगाला तांबूस आणि हाताला ताठ असते. पुनःपुन्हा तापवून मऊ करावे तेव्हा वळते. मोठ्या पेढ्यांनी यातून मार्ग काढले असतील. कानाच्या पाळीत जाणारी, केसाएवढी तार ज्याला काढावयाची, त्याचे काम मात्र थांबले. देशभर लक्षावधी कारागिरांवर बेकारी आली. काहींनी जिवाचे बरेवाईट करून घेतल्याच्या वार्ता त्या वर्षी येत होत्या. नियमामागील हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्याचा घाव चोरट्या व्यापाऱ्यावर किती बसला आणि ओसरीवरच्या कारागिरावर किती, हा विचार आजही मनातून जात नाही.

आमच्या घरी त्या दिवशी बागेसरीशेजारी दोन बिंदल्या अर्ध्या झालेल्या होत्या. आळीतील एका घरच्या आजींनी आपली जुनी पाटली मोडून नातवासाठी त्या करावयास टाकल्या होत्या. नातवाची पहिली संक्रांत होती. नियम ९ तारखेचे आणि संक्रांत १४ ची. बावीस कॅरटच्या त्या कड्यांना डाक लावण्याचा वडिलांना धीर झाला नाही. त्यांनी कडी आणि तुकडे त्या आजींच्या देखत तोलले, गुलाबी कागदात पुडी बांधली आणि परत केली. आजी म्हणाल्या, "शेट, मग बोरन्हाणाला पोराच्या हातात काय घालू?" वडील काही बोलले नाहीत. उत्तर दिले ते आतून मातोश्रींनी. त्या म्हणाल्या, "हलव्याच्या करून देते."

नव्या पिढीसाठी थोडे विस्ताराने सांगतो. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत सोयीच्या दिवशी लहान मुलास काळे झबले घालून, हलव्याचे दागिने लेववून पाटावर बसवितात आणि बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे त्याच्या डोक्यावरून ओततात. हे बोरन्हाण. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीलाही हलव्याचे दागिने करतात. पांढरा काटेरी हलवा गुळाचा होत नाही, त्यास शुभ्र साखर लागते; आमच्या आजी तिला शेवटपर्यंत 'मोरस'च म्हणत, कारण एके काळी ती मॉरिशस बेटाहून येई. मे १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप आले तेव्हा साखरेचा दाणान् दाणा मोजून मिळू लागला. त्या वर्षांत मातोश्री दिवाळीपासून चहातली साखर वाचवून डब्यात टाकीत, असे त्या सांगत.

कृती अशी. परातीत खसखस, तीळ किंवा साबुदाणा घ्यावयाचा. लोंबत्या पदकासाठी लवंग. परात मंद निखाऱ्यावर ठेवून त्यावर एकतारी पाक चमचा-चमचा सोडावयाचा आणि बोटांच्या अग्रांनी दाणे सतत फिरवीत राहावयाचे. पाक अधिक पडला तर दाणे एकमेकांस चिकटतात. निखारा अधिक झाला तर काटा मोडतो. काटा फुलतो तो थंडीत. मुंबईची हवा दमट, म्हणून हे काम पहाटेच करावे लागे. एका दिवसात ते होत नाही; दोन-तीन पहाटा जातात आणि बोटांची कातडी निघते. पुढे दागिना गुंफावयाचा. हलव्याच्या दाण्यास भोक पाडता येत नाही, तो फुटतो. म्हणून दोऱ्याचा फास टाकून एकेक दाणा आवळावयाचा. काटे असतात म्हणूनच दोरा सरकत नाही. मुकुट, हार, बाजूबंद, मनगट्या, मुलीसाठी कमरपट्टा आणि मुलासाठी बासरी, सारे याच रीतीने. तयार दागिना मुंग्यांपासून आणि दमट हवेपासून जपणे हे आणखी निराळेच काम.

तोपर्यंत मातोश्री हे दागिने आप्तेष्टांसाठी हौसेने करीत. त्या वर्षी निखारे बागेसरीचे होते. वडिलांना त्यांचा दुसरा उपयोग नव्हता. दुसऱ्या रात्री आम्ही पाहिले, कंदिलाजवळ वडील बसले आहेत आणि बारीक चिमट्याने हलव्याचा दाणा धरून त्यास फास टाकीत आहेत. मातोश्री आकार सांगत होत्या आणि ते मुकाट्याने करीत होते. बिंदल्या हुबेहूब सोन्याच्या घाटाच्या झाल्या. आजींनी त्यांचे मोल देऊ केले तेव्हा मातोश्री नको म्हणाल्या. आजी ते उंबऱ्यावर ठेवून गेल्या. मातोश्रींच्या हस्तकौशल्याचे घरात आलेले ते पहिले पैसे. रथसप्तमीपर्यंत आणखी काही घरांतून मागणी आली आणि त्या महिन्याचे घरभाडे त्यातून भागले. वडिलांनी पुढे चांदी धरली, कारण चांदीवर ते नियंत्रण नव्हते. वाळे, तोरड्या, करगोटे यांवर आम्ही वाढलो. संक्रांतीचे काम मात्र त्यानंतर दरवर्षी होत राहिले.

१४ कॅरटची अट १९६६ साली उठली. १९६८ साली सुवर्णनियंत्रणाचा स्वतंत्र कायदा झाला आणि तो १९९० साली रद्द झाला. अट उठली तेव्हा त्या आजी तीच गुलाबी पुडी घेऊन आल्या. नातू चार वर्षांचा होत आला होता, बिंदल्यांचे वय सरले होते. त्या सोन्याच्या बिंदल्या त्याच्या धाकट्या बहिणीस झाल्या.

पुढचे थोडक्यात सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर खऱ्या वाघनखाचा व्यापार बंद झाला. ते योग्यच झाले. १९७३ साली अंधेरीत निर्यातीसाठी सीप्झ वसाहत उभी राहिली आणि कालांतराने तेथे जडजवाहिराचे मोठे कारखाने आले. आपल्या काही घरांतील मुलगे तेथे नोकरीस लागले. परदेशी जाणारे दागिने घडविणाऱ्या त्या हातांना ओसरीची बागेसरी आता ऐकून ठाऊक असेल. जून २०२१ पासून अनेक जिल्ह्यांत सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला. दोन ग्रॅमहून कमी वजनाच्या जिनसांस त्यातून वगळले आहे. दोन ग्रॅम म्हणजे जुन्या मापाने सुमारे दोन मासे. बाळाची कुडी, पिंपळपान, मनगटीचे मणी पुष्कळदा तेवढ्यातच बसतात. म्हणजे बाळलेण्याच्या कसाविषयी आजही बव्हंशी सोनाराच्या शब्दावरच विसंबावे लागते.

साखरेची बाळलेणी मात्र वाढली. मुलुंड, बोरिवली, घाटकोपर येथील कित्येक भगिनी घरबसल्या ती करतात. संच दादरच्या बाजारात जातात, डब्यांत बंद होऊन परदेशी नातवंडांनाही पोचतात. हलवा पुष्कळदा तयार आणतात आणि फास टाकण्याऐवजी पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवितात. वेळ वाचतो, हे आम्ही जाणतो. तरी मूल तो दागिना तोंडात घालणारच. म्हणून मुलाच्या हातांतील मनगट्या तरी गोंदाशिवाय, दोऱ्यावरच गुंफाव्या, आणि दोरा पक्का असावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. जरीच्या टिकल्या तर मुळीच नकोत.

संस्थेच्या जुन्या स्मरणिका चाळताना त्यांतील व्यवसाय-सूची आम्ही मुद्दाम पाहिल्या. पेढ्या आहेत, कारागीर आहेत, कान टोचणारेही आहेत. मनगट्या ओवणारी किंवा हलव्याचे दागिने करणारी एकही स्त्री त्यांत नाही. यंदापासून अशी स्वतंत्र यादी करण्याचे कार्यकारी मंडळाने मान्य केले आहे. ज्यांच्या घरी हे काम होत असे वा होत आहे त्यांनी संस्थेच्या कार्यालयात लेखी कळवावे. हयात नसलेल्यांचीही नावे द्यावीत. 'अमक्यांच्या पत्नी' एवढेच न लिहिता त्यांचे स्वतःचे नाव लिहावे, आणि ठाऊक असल्यास काम कोणत्या साली सुरू केले तेही. आमच्या मातोश्रींचे नाव आम्ही १९६३ या सालासह दिले आहे.