जंतू आणि त्याची वाट : मुंबईचा प्लेग व परळ येथील प्रयोग

रोगांच्या इतिहासात दोन प्रश्न बहुधा एकत्रच विचारले जातात आणि त्यामुळे त्यांमधील भेद पुष्कळदा लोपतो. रोग कोणत्या जंतूमुळे होतो, हा पहिला प्रश्न. आणि तो जंतू शरीरात कोणत्या वाटेने शिरतो, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सापडले की दुसऱ्याचे उत्तर हाती आलेच, अशी समजूत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांत व राज्यकर्त्यांत रूढ होती. मुंबईच्या प्लेगने ती चुकीची ठरविली. करी रोड स्थानकाच्या आसपासच्या गिरण्या आणि चाळी या प्लेगच्या छायेत होत्या. आणि तेथून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगाने सिद्ध झाले.

प्लेगचा जंतू येर्सिन याने १८९४ मध्ये हाँगकाँग येथे शोधून काढला. मुंबईत मांडवी भागातील रोग प्लेगच होय, हे निदान डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये केले. म्हणजे साथ सुरू झाली तेव्हा जंतू अज्ञात नव्हता. तथापि तो राहतो कोठे व पसरतो कसा, याविषयी निश्चित ज्ञान नव्हते. ही उणीव घाण, दमट जमीन, कोंदट हवा आणि अंधार यांतून रोग उद्भवतो, या जुन्या मताने भरून काढण्यात आली. जुन्या मतातील दूषित हवेची जागा आता जंतूने घेतली, इतकेच. त्यामुळे गटारे धुणे, भिंतींना चुना फासणे, उजेडासाठी छपरावरील कौले काढणे, रोग्यास बळाने इस्पितळात नेणे व त्याच्या कुटुंबीयांस छावणीत ठेवणे, हे उपाय योजण्यात आले. फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने त्यांस विशेष अधिकारांचे पाठबळ मिळाले.

या उपायांविरुद्धचा रोष कायद्याच्याही आधीपासून दिसू लागला होता. ऑक्टोबर १८९६ मध्ये सुमारे एक हजार गिरणी-कामगारांनी आर्थर रोडवरील इस्पितळावर हल्ला केला. १८९१ च्या खानेसुमारीत सव्वाआठ लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या या शहरातून काही महिन्यांतच सुमारे चार लाख लोक बाहेर पडले. सरकारी दप्तरांतून या वर्तनाचे वर्णन भय व अज्ञान या शब्दांनी झालेले आढळते. परंतु त्यात एक निरीक्षणही होते. ‘उंदीर पडू लागले’ की घर सोडावे, हा अनुभव प्लेगग्रस्त गावांतून व चाळींतून लोकांनी स्वतःच मिळविला होता. उंदीर का पडतात, हे त्यांना ठाऊक नव्हते. मात्र उंदरांचा मृत्यू माणसांच्या मृत्यूच्या आधी येतो, हा क्रम त्यांनी अचूक हेरला होता.

दरम्यान हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रतिबंधक लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांपासून खाली लोंबणारी जंतूंची वाढ ते करवीत आणि नंतर उष्णतेने ते जंतू मारीत. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळास आली. १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, लस तयार करण्यास जंतू हाती असणे पुरेसे होते. त्याच्या वाटेचे ज्ञान आवश्यक नव्हते. त्यामुळे लसीच्या यशानेही दुसरा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

त्याचे उत्तर सुचविले ते सीमाँ या फ्रेंच वैद्याने. १८९८ मध्ये कराची येथे आजारी उंदराच्या अंगावरील पिसवांमार्फत रोग निरोगी उंदराकडे जातो, असे त्याने दाखविले. परंतु त्याचे प्रयोग थोडे होते व इतरांना ते साधले नाहीत. त्याच वर्षी नेमलेल्या भारतीय प्लेग आयोगाने पिसवांची कल्पना त्याज्य ठरविली. त्यानंतर ग्लेन लिस्टन यांनी मुंबईतील एका चाळीत, उंदीर मेल्यानंतर माणसांच्या अंगावर सापडलेल्या पिसवा तपासल्या. एरवी माणसाच्या अंगावर उंदरांची पिसू क्वचितच आढळे. येथे मात्र जवळजवळ निम्म्या पिसवा उंदरांच्या होत्या. आश्रयदाता मेल्यावर उपाशी पिसू माणसाकडे वळते, असा याचा अर्थ होता.

१९०५ पासून परळ येथे नव्या संशोधन मंडळाने हा विषय हाती घेतला. प्रयोगांसाठी मुद्दाम छोट्या इमारती उभारण्यात आल्या; त्यांपैकी काहींची छपरे देशी कौलांची, म्हणजे उंदरांना घर करता येईल अशी होती. आत गिनीपिग ठेवले गेले. पिसवा असलेल्या खोलीत जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातील प्राण्यांना रोग झाला, दोन फुटांवरील प्राण्यांना झाला नाही. कारण उंदरांच्या पिसवेची उडी काही इंचांचीच असते. पिंजऱ्याभोवती चिकट कागद पसरला की प्राणी वाचत. उलट, पिसवा नसतील तर रोगी प्राण्यांच्या निकट सहवासातही निरोगी प्राणी सुरक्षित राहत. रोगी मादीचे दूध पिणारी पिलेदेखील वाचत. रोग हवेत किंवा जमिनीत असता तर हे भेद पडलेच नसते. या प्रयोगांचे महत्त्व यातच आहे.

शहरातील नोंदींनीही त्यास दुजोरा दिला. गटारांतील मोठ्या उंदरांत साथ प्रथम येई, सुमारे दहा दिवसांनी घरातील काळ्या उंदरांत आणि आणखी दहा ते चौदा दिवसांनी माणसांत. चाळींतील लोकांनी अनुभवाने जाणलेल्या क्रमाचे हेच आकड्यांतील रूप होय.

पिसवेच्या दंशाने जंतू आत कसा शिरतो, याचा उलगडा १९१४ मध्ये लंडन येथे बॅकट व मार्टिन यांनी केला. पिसवेच्या जठराच्या तोंडाशी जंतूंचा गोळा साचतो. रक्त आत जाऊ शकत नाही. उपाशी पिसू वारंवार चावते आणि अडलेले रक्त जंतूंसह जखमेत परत येते. तेथून जंतू लसीकावाहिन्यांनी जवळच्या ग्रंथीत पोहोचतो. पाय हे दंशाचे नेहमीचे स्थान असल्याने गाठ बहुधा जांघेत येते. पुढील संशोधनाने असे दाखविले की, पिसवेच्या थंड शरीरातून माणसाच्या ३७ अंश उष्णतेत येताच जंतू स्वतःभोवती संरक्षक आवरण निर्माण करतो आणि त्यास गिळू पाहणाऱ्या पेशींमध्ये प्रथिने सोडून त्यांनाच निकामी करतो. ग्रंथीचा अडसर मोडला की तो रक्तात पसरतो. फुप्फुसांत पोहोचला तर मात्र खोकल्यावाटे माणसाकडून माणसाकडे थेट जाऊ शकतो.

या ज्ञानाच्या प्रकाशात पूर्वीचे उपाय तपासले असता त्यांतील विसंगती स्पष्ट होते. गाठीच्या प्लेगचा रोगी हा संसर्गाचा मुख्य उगम नव्हता, तरी बळजबरीचा सर्वाधिक भार त्याच्यावर व त्याच्या कुटुंबावर पडला. गटारे धुताना व कौले काढताना उंदीर विस्थापित होऊन रोग शेजारच्या घरांत जाण्याची शक्यताच वाढत होती. उलट, अज्ञानमूलक म्हणून हिणविलेले घर सोडणे हा, पुढे परळच्या प्रयोगांनी दाखविल्याप्रमाणे, पिसवांपासून दूर जाण्याचा सयुक्तिक मार्ग होता. अर्थात पळणाऱ्यांच्या सामानाबरोबर पिसवाही जात, ही त्याची दुसरी बाजू विसरता येत नाही.

अधिकारी शास्त्रविरोधी होते, असा निष्कर्ष यातून काढणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापाशी शास्त्र होते, पण अर्धे होते. आणि उरलेल्या अर्ध्याची जागा त्यांनी अधिकाराने भरून काढली. भारतात या रोगाने पुढील दशकांत एक कोटीहून अधिक बळी घेतले. जंतू ओळखला जाणे आणि त्याची वाट सिद्ध होणे यांत जी दहाबारा वर्षे गेली, त्यांची किंमत प्रामुख्याने चाळींतून राहणाऱ्यांनी दिली. आणि त्या वाटेची पहिली खूण, मेलेला उंदीर, त्यांनीच आधी पाहिली होती.