विद्यार्थ्यांचं कोण वाचतंय?

परवा आपल्या गावातल्या लॉ कॉलेजची तीन पोरं आणि एक मुलगी ऑफिसात आली. त्यांना कायद्यावर त्रैमासिक काढायचंय. लिहिणार तेच, तपासणार तेच, छपाईचे पैसेही तेच जमवणार. कुणीतरी त्यांना सुनावलं होतं, "आधी पास व्हा. विद्यार्थ्यांचं कोण वाचतंय?"

मुलगी म्हणाली, "सर, तुम्हीच सांगा, वाचतं का कुणी?"

मी चहा सांगितला आणि त्यांना एक गोष्ट सांगितली. तीच इथं लिहितोय. पोस्ट लांबलीय, पण शेवटपर्यंत वाचा. गोष्ट आपल्या खिशातल्या मोबाईलपर्यंत येते.

साल १८८७. इकडे पुण्यात 'केसरी' सुरू होऊन सहा वर्षं झाली होती. तिकडे अमेरिकेत हार्वर्डच्या लॉ स्कूलमधल्या मूठभर विद्यार्थ्यांनी १५ एप्रिलला एका नियतकालिकाचा पहिला अंक काढला. नाव 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'. मॅकेल्वी, विगमोर, मॅक अशी त्या पोरांची नावं. यातल्या विगमोरचा पुराव्याच्या कायद्यावरचा ग्रंथ पुढे जगभरच्या वकिलांच्या कपाटात गेला. पैशाची अडचण तेव्हाही होतीच. मदतीला आला त्याच कॉलेजातून शिकून गेलेला, बोस्टनमध्ये वकिली करणारा तिशीतला लुई ब्रँडाइस. हे नाव लक्षात ठेवा.

हे मासिक चालायचं कसं? लेख पाठवणार मोठमोठे प्राध्यापक आणि वकील, पण तो घ्यायचा की परत पाठवायचा हे ठरवणार विशीतले विद्यार्थी. आजही तसंच आहे. लेख घेतला की खरं काम सुरू होतं. प्रत्येक तळटीप मूळ पुस्तकाशी, मूळ निकालाशी ताडून बघायची. लेखक म्हणतो अमुक निकालात अमुक पानावर असं लिहिलंय, तर ते पान उघडायचं. लेखक कितीही मोठा असला तरी पान उघडायचंच. गॅनेट हाऊस नावाच्या जुन्या पांढऱ्या घरात पोरं रात्र रात्र हेच काम करत आली. हवाले कसे द्यायचे याची पुस्तिकाही त्यांनीच १९२६ मध्ये बनवली. 'ब्लूबुक' म्हणून ती आज तिथल्या प्रत्येक वकिलाला माहीत असते.

सगळं छान छानच होतं असं नाही. त्या कॉलेजात मुलींना प्रवेशच १९५० पासून. या मासिकाची पहिली महिला अध्यक्ष १९७६ मध्ये निवडली गेली, सुझन एस्ट्रिच. पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष व्हायला १९९० उजाडलं. त्या पोराचं नाव बराक ओबामा. टीकाही भरपूर झाली. फ्रेड रोडेल नावाच्या येलच्या प्राध्यापकाने १९३६ मध्येच या असल्या मासिकांना जाहीर रामराम ठोकला. त्यांची भाषाही कंटाळवाणी आणि मजकूरही, असं त्याचं म्हणणं. गंमत म्हणजे हा रामरामही एका लॉ रिव्ह्यूतच छापून आला.

आता मुद्द्याचं. डिसेंबर १८९० च्या अंकात ब्रँडाइसने त्याचा वकिलीतला भागीदार सॅम्युअल वॉरनबरोबर एक लेख लिहिला. विषय खासगीपणाचा हक्क. नुकतेच हातात मावणारे कॅमेरे बाजारात आले होते. वर्तमानपत्रं लोकांच्या घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर आणत होती. माणसाला आपल्या घरात, आपल्या सुखदुःखात एकटं राहू देण्याचा हक्क कायद्याने मानला पाहिजे, हे त्यांनी जुन्या निकालांच्या आधाराने मांडलं.

म्हणजे हा लेख आमच्या धंद्यावरच होता. तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला एक बाई आठवली.

डिप्लोमा होऊन दोनेक वर्षं झाली होती. एका शेतकऱ्याने आत्महत्या केली होती. मी गेलो, उंबऱ्यात रडणाऱ्या त्याच्या बायकोचा फोटो काढला. पहिल्या पानावर लागला. ऑफिसात पाठ थोपटली गेली. महिन्याभराने मदतीच्या अर्जाची बातमी करायला परत गेलो, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "भाऊ, इचारलं असतं तर पदर तरी नीट घेतला असता." मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच.

ब्रँडाइस १९१६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीश झाले. १९२८ मध्ये सरकारने फोन चोरून ऐकण्याच्या खटल्यात त्यांनी बहुमताविरुद्ध निकाल लिहिला. तेव्हा ते हरले. १९६७ मध्ये त्याच कोर्टाने तो जुना निकाल बाजूला सारला.

आणि मग ही गोष्ट आपल्या दारात आली. २४ ऑगस्ट २०१७. आधारच्या निमित्ताने निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी कोर्टात गेले होते. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं आपल्या सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं. त्या निकालात १८९० च्या त्या लेखाची चर्चा आहे. मुख्य निकालपत्र लिहिणारे धनंजय चंद्रचूड. आणीबाणीत १९७६ साली नागरिकाला अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही म्हणणाऱ्या चार न्यायाधीशांत त्यांचे वडील यशवंतराव होते, पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजात शिकलेले. मुलाने २०१७ मध्ये वडिलांचा तो निकाल चूक होता असं लिहिलं.

विद्यार्थ्यांनी काढलेल्या एका अंकातला लेख, १२७ वर्षांनी दिल्लीत. आणि आपल्याकडेही बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचं नियतकालिक विद्यार्थीच चालवतात. तेव्हा कोण वाचतंय, हे छापताना कुणालाच माहीत नसतं.

चहा संपला. मुलगी वहीत बघत म्हणाली, "सर, एका गावात योजनेच्या लाभार्थ्यांची यादी बँक खात्याच्या आणि आधारच्या नंबरांसकट व्हॉट्सअॅपवर फिरतेय. पहिला लेख त्याच्यावर लिहू?"

मी म्हटलं, "लिही. पण यादी छापू नकोस. आणि त्यातल्या दोन-चार जणांना आधी विचार."

पहिली वर्गणी मी भरलीय. अंकाची किंमत अजून ठरायचीय. ज्यांना घ्यायचा असेल त्यांनी खाली नाव लिहा. गावातल्या वकील मंडळींना एक विनंती: पोरं जुने निकाल बघायला तुमच्या ऑफिसात येतील, त्यांना कपाट उघडून द्या.