किफायतीचं कूळ

धामणगाव रेल्वेच्या बाजारात कापसाला किफायतशीर भाव मिळावा, असं शेतकरी म्हणतो. त्याच्या तोंडच्या या शब्दाचं भावंड मशिदीत आहे: फर्जे किफाया. फर्ज म्हणजे धार्मिक कर्तव्य. अरबीत किफाया म्हणजे पुरेसं होणं. फारसी दफ्तरांतून शब्द मराठीत आला आणि व्यापाऱ्यांच्या हाती पडला. मोल्सवर्थच्या कोशात किफायतीचा अर्थ नफा, फायदा असा आहे. पुढे तिला काटकसरीची छटा आली. मशिदीत मात्र मूळ ‘पुरेसं’ टिकलं, आणि मला तेच मोलाचं वाटतं.

रोजची नमाज, रोजा हे फर्जे ऐन. ज्याचं त्यानेच फेडायचं. किफाया म्हणजे साऱ्या वस्तीवरचं सामाईक देणं. पुरेशा लोकांनी फेडलं तर सगळे सुटले, कोणीच पुढे आलं नाही तर सगळेच दोषी. जनाज्याची, म्हणजे मयताची, नमाज त्यातलीच. इमाम शाफई (मृत्यू ८२०) यांच्या ‘रिसाला’त हा विचार स्पष्ट मांडलेला आहे.

मग दावत, म्हणजे दीनकडे, धर्माकडे बोलावणं, कोणाच्या वाट्याचं? कुराणाच्या तिसऱ्या सूरेतली १०४वी आयत म्हणते, तुमच्यातून भल्याकडे बोलावणारा एक गट असावा. ‘तुमच्यातून’ म्हणजे काही जण की सगळेच, यावर भाष्यकारांत मतभेद झाले. अनेकांनी काही जण असा अर्थ घेतला. १९२६च्या सुमारास मेवातात मौलाना मुहम्मद इलियास यांनी हे काम आलिमांपुरतं, म्हणजे धर्मपंडितांपुरतं, न ठेवता साध्या माणसांवर सोपवलं. हीच तबलीगची चळवळ. आधी आपल्याच मुसलमान भावांना नमाजेकडे वळवायचं. त्यासाठी महिन्यातून तीन दिवस घराबाहेर पडायचं, नाहीतर चाळीस दिवसांचा चिल्ला. शिदोरी ज्याची त्याची. मोहल्ल्यातल्या फेरीला तबलीगवाले गश्त म्हणतात. पोलिसांची गस्त ती हीच. तबलीग आणि आपलं मुबलक एकाच धातूचे, ‘पोचणं’ या अर्थाचे. दावत आणि कोर्टातला दावाही सख्खेच.

पण किफायाच्या यादीत दावत एकटी नाही. इमाम गझालींनी (मृत्यू ११११) या यादीत वैद्यकी, हिशेब, शेती, विणकामही घातलं. गावोगाव मुसलमान वैद्य मिळत नाही आणि सगळे धर्मशास्त्र शिकायला गर्दी करतात, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून आज एखाद्या वस्तीतली मुलगी नर्सिंग शिकायला निघते, तेव्हा वस्तीचंच देणं ती फेडते आहे, असं मी मानतो.