नाव भारतीय, पाया सामायिक
काशी, बनारस, वाराणसी: नावे तीन, नगर एक. मुक्तस्रोत संगणकप्रणालींचा इतिहासही असाच आहे. १९९३ साली इयान मर्डॉक यांनी ‘डेबियन’चा आरंभ केला, डेब्रा आणि इयान या दोन नावांतून ते नाव घडले. तिच्याच पायावर सी-डॅकने २००७ मध्ये ‘बॉस’, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स, प्रसृत केली. डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’तील पात्रांची नावे, तर बॉसच्या आवृत्त्यांना ‘अनोखा’, ‘अनूप’ अशी. शाळांसाठी ‘एज्युबॉस’ हा स्वतंत्र संच झाला. परंतु केवळ नामांतराने स्वावलंबन येत नाही. मूळ आज्ञावलीतील सुरक्षा-दुरुस्त्या वेळेवर स्वीकारणे आणि आपल्या सुधारणा मूळ प्रकल्पाला परत देणे, या दोन्हींसाठी ती आज्ञावली वाचू शकणारे विद्यार्थी घडवावे लागतात.